अँजिओग्राफीत ब्लॉक नाही, तरी दम का लागतो?

आलेले पत्र, थोडक्यात:

‘माझे यजमान ५४ वर्षांचे असून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांना मधुमेह होऊन बारा वर्षे झाली. अलीकडे जिना चढताना दम लागू लागला म्हणून अँजिओग्राफी केली. एकही ब्लॉक निघाला नाही आणि आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून मात्र त्यांचे पथ्यही सुटले आणि गोळ्याही वेळेवर घेतल्या जात नाहीत. एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ९.४ आहे. टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर “ईएफ ६० टक्के, ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन” असे लिहिले आहे. डॉक्टर म्हणाले, हा साखरेचा परिणाम आहे. रक्तवाहिन्या मोकळ्या असतील तर साखर हृदयाला इजा कशी करते? झालेले नुकसान भरून येते का? शिवाय डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी दिली होती; पण पुढच्या तपासणीत लघवीत भरपूर साखर दिसली, तेव्हा किडनी खराब होत आहे असे समजून यजमानांनी ती परस्पर बंद केली. हे योग्य झाले का?’ (एक भगिनी, सोलापूर)

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो, कारण त्यात दिवस घालवणे बरे नाही. ती गोळी परस्पर बंद करणे योग्य झाले नाही. रक्तातील जादा साखर मूत्रपिंडातून लघवीवाटे बाहेर टाकणे हेच त्या गोळीचे काम आहे. त्यामुळे ती घेणाऱ्या माणसाच्या लघवीत साखर दिसणारच. ती दिसली याचा अर्थ गोळी लागू पडत आहे, किडनी बिघडत आहे असा नव्हे. लघवीत साखर जाणे आणि लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जाणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि किडनीची काळजी करायची ती दुसरीवरून. आपण याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून, ही गोळी कधीपासून बंद आहे ते स्पष्ट सांगून, ती पुन्हा सुरू करण्याविषयी विचारावे. या गोळीबद्दल आणखी काही सांगायचे आहे, ते पुढे येईल.

आता आपला मूळ प्रश्न. अँजिओग्राफी ही तपासणी हृदयाला रक्त पोहोचवणाऱ्या मोठ्या वाहिन्या मोकळ्या आहेत की नाहीत, एवढेच सांगते. त्या वाहिन्या ज्या स्नायूसाठी आहेत त्या स्नायूच्या पेशी कशा आहेत, हे तिच्यात दिसत नाही. अर्ध्या मिलीमीटरपेक्षा बारीक असलेल्या केशवाहिन्यांचे जाळेही तिच्यात साधारणतः उमटत नाही. ‘ब्लॉक नाही’ हे वाक्य आपल्याकडे ‘हृदय ठणठणीत आहे’ अशा अर्थाने ऐकले जाते, आणि मधुमेह असलेल्या घरात हा गैरसमज फार महागात पडू शकतो, म्हणून या पत्राचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटले. आपल्या डॉक्टरांनी साखरेकडे बोट दाखवले त्यामागे पन्नास वर्षांहून जुने निरीक्षण आहे. १९७२ साली न्यूयॉर्कमधील डॉ. शर्ली रुब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चार मधुमेही रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांचे हृदय निकामी झाले होते, पण ज्यांच्या मोठ्या वाहिन्यांत त्याचे कारण ठरेल असा अडथळा मिळाला नव्हता. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील दीर्घकालीन पाहणीतून असे दिसले की हृदय निकामी होण्याचे प्रमाण मधुमेही पुरुषांत इतरांच्या दुपटीहून अधिक आणि मधुमेही स्त्रियांत सुमारे पाचपट आहे. वय, रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल आणि आधीचा हृदयविकार यांचा हिशेब केल्यावरही हे जादा प्रमाण पुरते सुटत नव्हते.

मग साखर पेशीत नेमके काय करते? हृदयाच्या स्नायूची पेशी दिवसातून सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते आणि तितक्याच वेळा सैल होते. या कामासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा साठा तिच्याजवळ काही सेकंदांपुरताच असतो, म्हणून तिला ती अखंड तयार करावी लागते. निरोगी हृदय ही ऊर्जा बहुतांशी, म्हणजे साठ ते सत्तर टक्के, स्निग्धाम्लांपासून (फॅटी ॲसिडपासून) मिळवते आणि उरलेली मुख्यतः साखरेपासून व लॅक्टेटपासून. प्रसंगानुसार एकाकडून दुसऱ्याकडे वळण्याची क्षमता हे निरोगी हृदयाचे मोठे बळ होय. टाइप टू मधुमेहात ही क्षमताच हरपते. इन्सुलिनला पेशी दाद देत नाहीत, त्यामुळे साखर आत घेणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर पुरेशी येत नाहीत. त्याच वेळी शरीरातील चरबीतून स्निग्धाम्ले रक्तात अधिक सुटतात आणि हृदय जवळजवळ त्यांच्यावरच विसंबून राहते. तेवढीच ऊर्जा मिळवायला स्निग्धाम्लांना साखरेपेक्षा जास्त प्राणवायू लागतो. जी स्निग्धाम्ले जळत नाहीत त्यांचे पेशीतच सिरामाइडसारखे घातक पदार्थ बनतात. रक्त साखरेने भरलेले असूनही पेशीला तिचा नीट उपयोग करता येत नाही, अशी ही विचित्र अवस्था आहे.

तरीही इन्सुलिनवाचून काही साखर आत शिरतेच, आणि रक्तातील पातळी सतत चढी असली की ती नेहमीच्या मार्गात न मावता आडमार्गांनी वळते. ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांवर ताण येऊन तेथून प्राणवायूचे आक्रमक रेणू जास्त बाहेर पडू लागतात, आणि ते पेशीची आवरणे, प्रथिने व डीएनए यांना इजा करतात. डॉ. मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये असा विचार मांडला की साखरेमुळे होणाऱ्या हानीचे जे चार रासायनिक मार्ग तोवर वेगवेगळे मानले जात होते, त्या सगळ्यांच्या मुळाशी हीच घटना आहे. त्यांचे मूळ काम रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवरचे होते. हृदयाच्या स्नायुपेशींतही या रेणूंचा असाच उपद्रव पुढे दिसून आला आहे.

आपल्या यजमानांच्या इको रिपोर्टचा खुलासा मात्र कॅल्शियममध्ये आहे, म्हणून तेथे थोडे थांबू या. प्रत्येक ठोक्याला पेशीतील कोठारांतून कॅल्शियम बाहेर येते आणि पेशी आकुंचन पावते. ते कॅल्शियम पुन्हा कोठारात ओढून घेतले की ती सैल होते. ओढून घेण्याचे हे काम एक प्रथिन करते आणि त्याला ऊर्जा खर्च करावी लागते. मधुमेहात हे प्रथिन मंदावते, काही वेळा त्याचे प्रमाणही घटते. परिणामी पेशी आकुंचन तर चांगले पावते, पण सैल व्हायला वेळ लावते. म्हणूनच रिपोर्टवर ईएफ ६० टक्के, म्हणजे रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता उत्तम, आणि तरीही डायस्टोलिक डिसफंक्शन, म्हणजे सैल होऊन रक्त भरून घेण्यात अडचण, या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत. त्यांत विसंगती नाही. बसलेल्या माणसाला यातले काही जाणवत नाही. जिना चढताना मात्र नाडी वेगाने चालू लागते, दोन ठोक्यांमधला भरून घेण्याचा अवधी कमी होतो, डाव्या कप्प्यातील दाब वाढतो, तो मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो आणि दम लागतो. याच कॅल्शियमच्या व्यवहाराशी आणखी एक धोका जोडलेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की साखर वाढली की तिच्यापासून बनलेला एक रेणू पेशीतील एका नियामक एन्झाइमला चिकटतो, ते एन्झाइम सतत चालू राहते, कोठारांतून अवेळी कॅल्शियम झिरपते आणि ठोके अनियमित होऊ शकतात.

याशिवाय पेशींच्या भोवतीचे जाळे ताठर होते, तो भाग वेगळा. सोलापुरात कडक भाकरी कोणाला सांगायला नको. तव्यावर आणि निखाऱ्यावर ती तांबूस होते, त्यामागे पिठातील साखर व प्रथिने यांचा उष्णतेने झालेला संयोग असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये तो वर्णिला. तीच रासायनिक क्रिया शरीराच्या तापमानाला, फार संथपणे, रक्तातील साखर आणि शरीरातील प्रथिने यांच्यात चालू असते आणि साखर जितकी चढी तितकी ती जास्त घडते. यजमानांच्या रिपोर्टवरील ९.४ हा आकडा याच क्रियेचे मोजमाप आहे: त्यांच्या हिमोग्लोबिनपैकी सुमारे ९.४ टक्के भागाला साखर चिकटलेली आहे. तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांत नव्या होतात, म्हणून हा आकडा दोन-तीन महिन्यांच्या पथ्याने उतरतो. हृदयातील कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन मात्र वर्षानुवर्षे टिकते. त्याला साखर चिकटून पुढे त्याचे धागे एकमेकांत कायमचे जखडले गेले की ते सहजी सुटत नाहीत, शिवाय अशी प्रथिने आसपासच्या पेशींना आणखी तंतू तयार करण्याचा इशारा देत राहतात. स्नायूत तंतू वाढतात, केशवाहिन्या विरळ होतात आणि आधीच सैल व्हायला वेळ लावणारे हृदय आणखी ताठर बनते.

नसांचाही येथे उल्लेख करायला हवा, कारण त्यावरून घरच्यांनी काय पाहायचे ते ठरते. दीर्घकाळच्या मधुमेहाने हृदयाकडे जाणाऱ्या स्वायत्त, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या, नसा बधिर होऊ शकतात. अशा माणसाला झटका आला तरी छातीत कळ येईलच असे नाही; नुसता दम, घाम, मळमळ किंवा एकाएकी आलेला थकवा एवढेच लक्षण असू शकते. बसल्या जागी नाडी नेहमी शंभराच्या आसपास असणे किंवा उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, ही या नसांवर परिणाम झाल्याची चिन्हे असू शकतात. यजमानांच्या बाबतीत असे काही असेल तर पुढच्या भेटीत ते अवश्य सांगावे.

‘झालेले नुकसान भरून येते का?’ हा प्रश्न आपण फार काळजीने विचारला आहे आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. मेलेल्या पेशी जवळजवळ परत येत नाहीत. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी अणुचाचण्यांमुळे वातावरणात पसरलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचा आधार घेऊन २००९ मध्ये मांडलेला हिशेब असा की पंचविशीत हृदयाच्या स्नायुपेशींपैकी वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंच्याहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण जिवंत पेशींतील बिघडलेला व्यवहार, म्हणजे ऊर्जेची चुकलेली निवड, मायटोकाँड्रियांवरचा ताण आणि कॅल्शियमची मंद ओढ, हे सारे बऱ्याच अंशी सुधारू शकते. ग्रेड वन ही या दोषाची सर्वांत सौम्य पायरी आहे. पन्नाशीनंतर मधुमेह नसलेल्यांतही ती बऱ्याचदा दिसते, म्हणून त्या शब्दाने हबकून जाण्याचे कारण नाही. ९.४ या आकड्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये.

ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे चाललेल्या, पाच हजारांहून अधिक नव्या मधुमेही रुग्णांच्या अभ्यासात असे आढळले की एचबीएवनसी एका अंकाने कमी असणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका सुमारे १४ टक्के आणि हृदय निकामी होणे सुमारे १६ टक्के कमी होते. अभ्यास संपल्यानंतर दहा वर्षांनी, २००८ मध्ये पाहिले तेव्हा सुरुवातीला साखर नीट सांभाळलेल्यांना त्याचा लाभ अजून मिळत होता, जरी तोवर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली होती. शरीर चांगली वर्षे जशी लक्षात ठेवते तशी वाईटही. मात्र यावरून एचबीएवनसी महिनाभरात सहावर आणण्याचा हट्ट धरू नये. २००८ मध्येच अमेरिका-कॅनडातील एका मोठ्या चाचणीत ज्यांचे एचबीएवनसी फार आक्रमकपणे सहाच्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला, त्यांच्यात मृत्यू अधिक झाल्यामुळे ते उपचार मध्येच थांबवावे लागले. साखर एकदम फार खाली जाणे हे हृदयाला धोक्याचेच असते. सातच्या आसपासचे लक्ष्य, काही महिन्यांत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हे माझ्या मते यजमानांच्या वयाच्या माणसासाठी रास्त आहे.

आता त्या गोळीविषयी राहिलेले सांगतो. एम्पाग्लिफ्लोझिनची मोठी चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयविकार असलेल्या सात हजारांवर मधुमेही रुग्णांत या गोळीने हृदय निकामी झाल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले. पुढे २०२१ मध्ये ज्यांचे ईएफ चांगले असूनही हृदय कमजोर आहे अशा रुग्णांतही तिचा उपयोग दिसला, आणि त्यांतील निम्म्या लोकांना मधुमेह नव्हता. म्हणजे तिचा फायदा केवळ साखर उतरण्यातून येत नाही. किडनीची घसरणही ती मंदावते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा अंदाज देणारा रक्तातील घटक) किंचित वाढू शकते, ते अपेक्षित असते आणि डॉक्टर त्यावर लक्ष ठेवतात. तिची पथ्ये मात्र कडक आहेत. लघवीतून साखर जात असल्याने त्या जागेला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून स्वच्छता हवी आणि खाज सुटली तर संकोच न करता सांगायला हवे. साखरेबरोबर पाणीही जाते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांवर चढतो आणि कारखान्यातील शेडमध्ये उकाडा त्याहून जास्त असतो, तेव्हा पाणी कमी पडू देऊ नये. हृदयासाठी पाण्यावर बंधन घातले असेल तर किती प्यायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. उलट्या-जुलाब होत असतील, जेवण जात नसेल, शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा आषाढीचा, नवरात्राचा कडक उपवास करायचा असेल, तर ही गोळी तेवढ्यापुरती थांबवावी लागते, अन्यथा रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढून गंभीर प्रकृतिबिघाड होऊ शकतो, आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे तो पटकन लक्षात येत नाही. हे नियम डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावेत. यजमान घेत असलेल्या जुन्या गोळ्यांच्या पाकिटांवर पायोग्लिटाझोन हे नाव असेल तर तेही दाखवावे. त्या औषधाने शरीरात पाणी साठते आणि हृदयाची तक्रार असलेल्यांना ते शक्यतो देत नाहीत.

एक गोष्ट आपण पत्रात सहज लिहून गेला आहात, पण मला ती महत्त्वाची वाटते. यजमान टॉवेलच्या कारखान्यात काम करतात. सुपरवायझर असले तरी मागावरची धूळ नाकातोंडात जातच असणार. कापसाची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसांत गेल्यानेही दम लागतो, विशेषतः सुटीनंतर कामावर गेलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटत असेल तर तो संशय घ्यायला हवा. विडी किंवा सिगारेटची सवय असेल तर अधिकच. ग्रेड वन दोषाने एकट्याने इतका दम लागतो असे गृहीत धरून चालू नये. फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड या साध्या तपासण्या करून घ्याव्यात. दम हृदयामुळे आहे की नाही हे ठरवायला एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी उपयोगी पडते; वजन जास्त असलेल्यांत ती कधी कधी फसवी कमी येते, एवढे डॉक्टर ध्यानात घेतीलच. खर्चाची चिंता असेल तर सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, सारे रिपोर्ट घेऊन जाऊन कोणत्या तपासण्या होतात याची चौकशी करावी.

आहाराबद्दल आपण विचारले नाही, तरी थोडे लिहितो. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तीही पिष्टमय आहे. चार भाकऱ्या खाऊन ‘मी भात सोडला’ म्हणण्यात अर्थ नाही. शेंगाचटणीतील शेंगदाण्यांना माझी हरकत नाही, मिठाला आहे. दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याइतकेही नको, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा असून लोणचे, पापड आणि चटणी मिळून ती दुपारच्या जेवणातच ओलांडली जाते. हृदयातील दाब आधीच वाढता असताना मीठ तो आणखी वाढवते. रक्तदाब बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हवा. चालण्याने हृदयाच्या पेशींची साखर वापरण्याची ताकद सुधारते, पण आधी दमाचे कारण ठरू द्यावे आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर सकाळी ऊन चढण्यापूर्वी, बोलता येईल इतक्याच वेगाने सुरुवात करावी.

यजमानांना हे सारे आपणच सांगायला गेलात तर ते कदाचित ऐकणार नाहीत. त्यांना पुढच्या भेटीला बरोबर न्यावे, इकोचा रिपोर्ट त्यांच्याच हातात द्यावा आणि ‘सैल व्हायला वेळ लागतो’ म्हणजे काय, हे डॉक्टरांना त्यांच्यासमोर समजावून सांगायला सांगावे.

तोवर घरात रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर त्यांचे वजन करून लिहून ठेवावे. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढले, घोट्यांवर बोट दाबल्यावर खळगा राहू लागला, आडवे झाल्यावर दम लागून उशा वाढवाव्या लागल्या किंवा रात्री गुदमरून जाग येऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि बसल्या जागी दम, थंड घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात जडपणा यांपैकी काही एकाएकी सुरू झाले, तर छातीत दुखत नसले तरी, आणि अँजिओग्राफी स्वच्छ असली तरी, १०८ वर फोन करावा.